भांगाची अष्टमी

अर्ज माझ्याच अक्षरातले. नऊ.
विषय : खारबंधारा फुटल्याबाबत.
पोचपावत्या पत्र्याच्या डब्यात आहेत,
त्यांनाही आता खाडीचा वास येतो.

मळ्यात भात नाही, चिंबोऱ्या.
आम्ही म्हणत राहिलो, मार्चअखेर होईल.
कुठला मार्च,
ते कुणी विचारलं नाही.

मग सोलकरांची निलोफर पंचांग मागायला आली.
माझ्याकडे!
मुहूर्तासाठी नाही गो,
भांग कधी लागतो, ते बघायला.
उधाणात बांध धरत नाही,
अष्टमीला पाण्याचा जोर मोडलेला असतो.

सुकतीला चौदाजण उतरले.
भुवडांची जुळी, बारावीला आपटलेली;
दर्याला भिणारा पावसकरांचा रोहिदास;
बाकीच्यांची नावं मला तेव्हा ठाऊकही नव्हती.
चिव्याच्या मेढी, फाटकी पोती, खाडीचाच चिखल.
पौर्णिमेच्या भरतीने सगळं नेलं.
मी पारावर होतो.
खोटं कशाला सांगू, जरा बरंच वाटलं.

पुढच्या अष्टमीला पुन्हा तीच चौदा डोकी.
तेव्हा मात्र उठलो, धोतर खोचलं,
सांगून आलो :
नुसता चिखल धरत नाही,
थराथराला पेंढा तुडवायचा असतो.
आज्याला तुडवताना पाहिलं होतं मी.
इतकी वर्षं कुठे होतात,
असं कुणी म्हटलं नाही.
घमेलं तेवढं पुढे आलं.

बांध उभा राहिला, तशी जीप आली.
साहेब बूट सांभाळत उतरले.
"परवानगी कुणाची?"

निलोफरने हात वर केला.
कोपरापर्यंत चिखल.
"साहेब, जरा मागे सरा,
भरती लागलीय."