हरकत

धरणगावात बियाण्याच्या दुकानावर आमची खोली.
दर शनिवारी आठ-नऊ जण, एक ट्यूबलाइट
आणि भिंतीवर माझ्याच अक्षरातला फलक :
लोक जागे होतील.
अडतीस वर्षांत तो तीनदा रंगवला मी.
क्रियापद भविष्यकाळातच ठेवलं.

मग लोक जागे झाले.
म्हणजे असं झालं, की जिनिंगमधल्या बायांनी
आम्हाला न विचारता पॅनल उभं केलं,
कपबशी निशाणी मागून घेतली,
आणि रुईतून सरकी काढावी तसे
दोन्ही पक्षांचे जुने नगरसेवक काढून टाकले बाजूला.
जाहीरनामा नव्हता.
मी मागितला होता, तपासून द्यायला.
कोकिळाबाई भोई म्हणाली,
'कागद नही शे, सर. पानी जोयजे.'

पहिल्याच सभेत ठराव :
विचार भवनाचे चाळीस लाख रद्द.
त्या पैशात जिनिंग गल्लीला जलवाहिनी,
बायांसाठी सहा संडास, आत दिवा असलेले.

विचार भवन!
त्याचा नकाशा मी मुलीच्या लग्नपत्रिकेआधी छापून घेतला होता.

त्या रात्री खोलीत काय बोललो
ते इथे लिहितो, कारण
बोरसे वकिलांनी इतिवृत्तात घेतलं नाही.
झांबरे म्हणाले, ही लाट आहे, चळवळ नव्हे.
बोरसे म्हणाले, प्रक्रिया पाळली गेलेली नाही.
मी चष्मा पुसत म्हणालो,
लोकांना अजून स्वतःचं हित कळत नाही.
कुणी हसलं नाही.
एकोणनव्वद साली, जिनिंगच्या फाटकात उभं राहून
मालकानं हेच वाक्य आमच्या मोर्चाला ऐकवलं होतं,
शब्दाला शब्द,
आणि आम्ही त्याचा पुतळा जाळला होता.
रॉकेल झांबऱ्यांनी आणलं होतं.

हरकतीचा अर्ज लिहायचं काम एकमतानं माझ्याकडे आलं.
माझं मराठी चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी बाजारात कोकिळाबाई दिसली,
पिशवीतून भरताची वांगी डोकावत होती.
म्हटलं, अगं, तुम्ही जागे झालात हे बरंच झालं, पण...
'आम्ही जपेल नव्हतूत, सर,' ती म्हणाली,
'तुम्ही आमनं दार ठोकंच नही.'
रागानं नाही. वजन सांगावं तसं.
आणि माझ्या पिशवीत दोन वांगी टाकून
'लई जा, ताजी शेतस,' म्हणत
कांद्याचा भाव विचारायला वळली.

सातवीत माझ्याच वर्गात होती ती.
मनी माय जिनिंगमा जास, असं लिहिलं होतं निबंधात.
लाल शाईनं खोडून
मी पाच वेळा लिहून आणायला लावलं :
माझी आई जिनिंगमध्ये जाते.
तिनं आणलं लिहून, सुवाच्य.
आठवीत ती स्वतःच जायला लागली.
मी हजेरीपटातून नाव कमी केलं.
तेव्हा मी हरकत घेतली नव्हती.

आता रात्रीचे पावणेतीन.
ठरावाची नक्कल समोर, पेन लाल, सवयीनं.
जलवाहिनीची दुसरी वेलांटी चुकली आहे.
संडासवर अनुस्वार नाही.
तिसऱ्या ओळीत एक 'शे' तसाच राहिलाय.
चौदा गोल झाले,
तेव्हा लक्षात आलं,
चुका मोजून झाल्या,
ठराव वाचायचा राहिला.

खाली नळ आलाय, बाविसाव्या दिवशी.
गल्लीभर हंड्यांचे आवाज,
कुणीतरी कुणाला तरी पाइप फिरवायला सांगतंय.
भवनात काय काय झालं असतं, मी आठवू पाहतो :
व्याख्यानं. चर्चासत्रं. जागृती.
बायको जिन्यातून हाक मारते,
अहो, जागेच आहात तर बादली धरता का?

'हरकत नाही,' मी म्हणतो,
आणि उठत नाही.