एकवीस दिवसांनी

खोकला असला की मला बरं वाटतं.
नाक वाहत असलं तर अजूनच.
अशा पोरींना मिठाच्या गुळण्या सांगते,
तापाच्या दोन गोळ्या देते, वर्गात धाडते.
मला भीती न खोकणाऱ्या घशाची.

पौषात आश्रमशाळेत रांग लागते.
एका खोलीत चाळीस पोरी, एका माठावर एकच गिलास.
चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबते,
बॅटरी मारते. "आ कर. मोठ्ठा."
दोन्ही बाजूंनी फुगलेल्या लाल गाठी,
त्यांवर दह्याच्या कवडीसारखे ठिपके.
मग जबड्याखाली बोटं फिरवते.
तिथं चिंचोके लागले
की माझ्या वहीतली ओळ लांबते.

त्रिवेणी कुळमेथेची ओळ तीन पानं झाली.

दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या.
तिसऱ्या दिवशी घसा मोकळा.
सुट्टीत घरी गेली, तर उरलेल्या
आईनं तिखटाच्या डब्यामागं ठेवून दिल्या:
"पुढच्या खेपेले कामी येतीन."
जपून ठेवणाऱ्या बाईवर
रागवायचं तरी कसं?

तीन आठवड्यांनी गुडघा सुजला.
बाप म्हणाला, पडली असन कुठी.
टोरीचं तेल चोळलं.
गुडघा उतरला, घोटा फुगला.
घोटा उतरला, मनगट.
दुखणं भाडेकरूसारखं
घरं बदलत फिरलं अंगभर.
घशाचं कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

मी नळी लावली.
दोन ठोके हवे होते, दोन होते.
पण त्यांच्या मधल्या जागेत कोणीतरी
सुपातला कोंडा फुंकत होतं.

यवतमाळला पडद्यावर
तिनं स्वतःचं काळीज पाहिलं.
परत येऊन मलाच समजावलं,
"दार हाय जी त्यात. कडी नाई लागत."

तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी.
आधी कातडीत एक थेंब, अर्धा तास थांबणं,
मग दुधाच्या रंगाचं दाट औषध, जाड सुई.
रेंगाळलं तर सुईतच अडतं,
घाई केली तर पोरीचा जीव जातो.
ती बाकाची फळी धरते.
ओरडली नाही कधी, एकदा फक्त विचारलं,
"कधीवर जी?"
पंचविशीपर्यंत तरी, म्हटलं. पुढंही, कदाचित.
तिनं बोटांवर मोजायला घेतलं
आणि दुसऱ्या हातावर येऊन सोडून दिलं.

मागच्या भादव्यात औषधच संपलं.
घाटंजीत नाही, पांढरकवड्यात नाही.
विसाव्या दिवशी मी
फोन गरम होईस्तोवर बोलत होते.
वणीच्या एका औषधवाल्यानं दोन कुप्या
जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून
एसटीच्या कंडक्टरकडं दिल्या.
एकविसाव्या संध्याकाळी गाडी फाट्यावर थांबली.
त्रिवेणी माझ्याआधी येऊन उभी.
"लवकर करा जी,
उद्या गणिताचा पेपर हाय."

यंदा पौषात बॅटरी तिनंच धरली.
रांगेतली एक लहानी
ओठ घट्ट मिटून बसली.
"पाहू दे वं," त्रिवेणी म्हणाली,
"अन् गोळ्या साऱ्या खाजो.
मायले ठेवू नको देऊ."
लहानीनं आ केला.

मी वाट पाहिली.
ती खोकली नाही.
मी वही उघडली.