आत चार अंश जास्त

तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
मी बेदाणा राखतो.
दुसऱ्यांचा बेदाणा, छतापर्यंत बॉक्स,
चार अंशांवर.
दर दोन तासांनी वहीत आकडा: चार, चार, साडेचार, चार.
बावीस वर्षं झाली.
आकडा हलला तर तुला झोपेत कळतं,
असं इलाही मुजावर म्हणतो.

आणि घरी, विश्रामबागेत,
जिन्याखालच्या कोनाड्यात
वीस लिटरचा एक पांढरा ड्रम मला जुमानेना.

पहिल्या खेपेला एप्रिल होता.
सांगलीचा एप्रिल, म्हणजे रात्री अकरालाही
भिंतीला पाठ टेकवत नाही.
कुरिअरनं आलेलं जवाचं माल्ट, मूठभर हॉप्स,
यीस्टची पुडी, इनोच्या पुडीएवढीच.
घातलं, झाकलं, म्हटलं होऊ दे.
झालं.
दोन दिवसांत सगळं उरकून मोकळं,
पुढच्या लग्नाची सुपारी घेतलेल्या आचाऱ्यासारखं.
वास आला काळ्या पडलेल्या केळ्यांचा,
त्यामागून नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा.
अर्धा ग्लास घेतला.
दुसरा दिवस डोकं धरून बसण्यात गेला.
उरलेलं पपईच्या बुंध्याला ओतलं.
पपई मेली नाही, एवढंच सांगतो.

दुसऱ्या खेपेला टब आणला.
ड्रम पाण्यात उभा, अंगाला ओला टॉवेल,
टॉवेलवर टेबलफॅनचा वारा,
पाण्यात गोठवलेल्या बाटल्या, दोन इथं, दोन फ्रीजरात.
कामावर जाताना पालटायच्या, आल्यावर पालटायच्या,
मध्ये रात्री एकदा, लाईट न लावता.
‘माझ्या इडलीच्या पिठासाठी कधी उठला नाहीस,’
प्रणोती अंथरुणातून म्हणाली.

टबात थर्मामीटर: एकोणीस.
मी खूश.
ती आली, वाकली,
ड्रमला उलटा हात लावला
जसा कपाळाला लावतात,
आणि म्हणाली, ‘ताप आहे ह्याला.’
म्हटलं, एकोणीस आहे, बघ की.
‘ते पाण्याचं झालं. ह्याला विचारलंस?’

मग थर्मामीटरची वायर ड्रमच्या अंगाला चिकटवली,
वर थर्माकोलचा तुकडा.
तेवीस.

मी तिथंच खाली बसलो, ओल्या फरशीवर.
बावीस वर्षं ज्याला राखलं
त्याला आतून काही होतच नव्हतं.
बाहेर चार तर आत चार.
हे मात्र खातंय, वाढतंय, एकमेकांच्या अंगावर पडतंय,
आणि खोलीचं काहीही असो,
वर आपले चार अंश आपण मिळवतंय.

इलाहीनं भंगारातला एकदारी फ्रीज आणून दिला.
कप्पे काढले, कंट्रोलर बसवला,
अठराला बंद, साडेअठराला चालू.
‘प्यायचं तुझं तू बघ,’ तो म्हणाला,
‘पण ह्या कंप्रेसरला दर वेळी तीन मिनिटं दम घेऊ दे.
म्हातारा आहे.’
जाताना दाराच्या रबरात दहाची नोट धरून ओढून बघितली.
घट्ट आली. नोट खिशात घातली, गेला.

आता रात्री जिन्याखालून ऐकू येतं:
बुडुक.
मोजतो. सात सेकंद.
बुडुक.
परवा लाईट गेली तेव्हा
प्रणोतीच आधी उठली,
तिनंच दोन बाटल्या आत ठेवल्या,
आणि फ्रीजचं दार उघडायचं नाही म्हणून मला दरडावलं.
डिसेंबरात ती पिठाच्या पातेल्याला शाल गुंडाळते.
हे मी तिला कधी बोललेलो नाही.

काल दुपारी मगदूमसाहेबांचा फोन.
‘तीन नंबर चेंबर, पहाटे चारची नोंद.
अठरा? बेदाणा गेला की काय?’
धावत गेलो. काचेतून बघितलं. चार.
वही उघडली तर माझंच अक्षर, गोल, शांत,
अठरा.

रेघ मारली, वर चार लिहिलं,
शेजारी सही केली.
रेघेखालून अजून वाचता येतं.