हिऊमाचा सर्व्हर, सदस्य एकशे एकेचाळीस

मध्यरात्री एंडेलचा फोन.
"लेलो, मी काहीतरी दाबलं."
एवढंच. मग नुसता श्वास,
आणि मागं त्याच्या फ्रीजची घरघर.

चाळीस वर्षं फेरीबोटीवर वायरलेस सांभाळलेला माणूस.
वादळात नुसत्या आवाजावरून ओळखायचा
कोण घाबरलंय, कोण फक्त प्यायलंय.
त्याला एका निळ्या ओळीनं गाठलं.

नाइटगाउनवर कोट चढवून दुकानात गेले.
शिलाईमशीन दुरुस्तीच्या बाकाखाली
आमचा सर्व्हर, बुटाच्या खोक्याएवढा.
त्यात बेटावरची एकशे एकेचाळीस माणसं,
त्यांची भांडणं, रानातल्या अळंब्यांचे फोटो,
आणि एका हरवलेल्या बोक्याची
दोन वर्षं चाललेली चौकशी.

तोवर एंडेलच्या नावानं सदतीस जणांना गेलं होतं:
"यात तूच आहेस का, बघ."
खाली तीच निळी ओळ.
आधी त्याचं खातं गोठवलं.
मग तो आला, मफलर उलटा गुंडाळलेला,
दारातच उभा राहिला.

"आपलंच पान होतं गं. कोपऱ्यात तोच दीपस्तंभ.
म्हणालं, ओळख पटत नाही, परवलीचा शब्द सांगा."
दीपस्तंभ तोच होता.
पत्त्यात मात्र हिऊमा नव्हतं, हिऊम्मा होतं.

ओरडायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. केटल लावली.
म्हटलं, समुद्र गोठल्यावर
बर्फाच्या रस्त्यावर गाडी घालताना काय करायचास?
त्याला पाठच होतं:
पट्टा सोडायचा.
जुनिपरच्या फांद्या रोवल्यात, त्यांच्याच कडेनं जायचं.
पंचवीस ते चाळीसमधला वेग नको, बर्फाखाली लाट उठते.
अंधार पडल्यावर जायचंच नाही.
"आणि आज किती वाजले होते?"
तो कपात बघत राहिला.

पलीकडे असे हजारो सर्व्हर आहेत, एंडेल.
कुणाचा गावाचा, कुणाचा दोन मित्रांचा.
एकमेकांशी बोलतात, पण ज्याचं कुलूप त्याचं.
तुझी किल्ली आपल्या दाराशिवाय कुठंच लागत नाही,
म्हणून परक्या दारात जो ती मागतो, तो…
वाक्य त्यानंच पुरं केलं,
बंदरावरच्या शिवीनं.

मग त्याचं जाडं बोट धरून दाखवलं.
ओळीवर टिचकी नाही. दाबून धर. पत्ता उचल.
अक्षर न् अक्षर वाच.
आता आपल्याच घरात, वरच्या शोधाच्या चौकटीत टाक.
आपण तिथं जायचं नाही,
तिथलं इथं मागवायचं.
खरं असेल तर लिहिणाऱ्याच्या नावागावासकट येतं.
नाही आलं, तर सोडून दे.

आणि कुणाला पाठवायचं तर शेपूट काप,
प्रश्नचिन्हापासून पुढचं.
कुणी दिलं, कुठून आलं, याची आतडी असतात त्यात.
"हेरिंगसारखं," तो म्हणाला.
हो, पण कधी तिथंच गाभोळी असते.
कापल्यावर एकदा उघडून बघ.

चार वाजले. नवा परवलीचा शब्द त्यानं
मला पाठ करून लिहिला.
सदतीस जणांना माफीचा निरोप, एकही ओळ निळी नाही.
मग सहज म्हटल्यासारखं म्हणाला,
"कैरेचा आहे असं वाटलं.
आठ महिने झाले तिचं काही येऊन.
पत्ता कोण वाचत बसतो?"

यावर माझ्याकडे नियम नव्हता.

त्याच्या पाकिटात एक चिठ्ठी होती,
गोथेनबर्गला जाताना कैरेनं लिहून दिलेली, घडीवर फाटलेली.
तिचं नाव, तिच्या सर्व्हरचं नाव.
एकेक अक्षर त्यानं स्वतः चौकटीत टाकलं,
वायरलेसवर उच्चारायचा तसं, मोठ्यानं.
थोडा वेळ काहीच नाही.
मग आली: सायकल, सीटवर बर्फ,
खाली दोन शब्द, "अजून चालते."

तो खूप वेळ बघत होता.
"पुढं पाठवू का तुझ्या बहिणीला?" मी विचारलं.
"नको," तो म्हणाला.
"आधी तिला विचारतो."