व्हाया ढालगाव

आदर्कीला मालगाडीचे तीन डबे घसरले
म्हणून आमची गाडी दौंडलाच वळवली,
आणि हे आम्हाला कळलं
सूर्य खिडकीच्या भलत्याच बाजूला उगवल्यावर.

दादाचा पहिला फोन कुर्डुवाडीला.
"कुठं आलीस?"
"कुर्डुवाडीला."
"तिकडं कशाला गेलीस?"
जशी काही मीच नेली होती गाडी,
पदराला बांधून.

दुपारी पाऊणला कोल्हापूर,
अडीचला भाऊसिंगजी रोड, असं ठरलेलं.
दुय्यम निबंधकाच्या दारात दादा, रणधीर,
वकील, दोन साक्षीदार,
आणि वडणग्याचा सव्वा एकर ऊस
हक्कसोडपत्रात घडी घालून.
माझी सही तेवढी राहिलेली.
"बहिणीनं मागू नये, माहेर तुटतं,"
हे आई बोलली नव्हती कधी.
वहिनी बोलली होती,
साड्या दाखवता दाखवता.

पेरूवाला दस्तगीर पहाटे दौंडला चढलेला,
नेहमीसारखा, पुण्यापर्यंत.
तीस वर्षं तेवढंच. दौंड-पुणे, पुणे-दौंड.
कुर्डुवाडीला परतीची गाडी
समोरच उभी होती, रिकामी.
सगळ्यांनी त्याला सांगितलं, उतर बाबा.
तो पाटी मांडीवर घेऊन बसला.
म्हणाला, "पास नाही, ते खरं.
पण आता आलोच आहे,
तर रूळ संपतात कुठं
ते बघून घेतो एकदा."

सांगोला गेलं. डाळिंबाच्या बागा गेल्या.
ढालगावला गाडी जी थांबली ती थांबलीच.
बायका उतरून लिंबाखाली बसल्या,
कुणाच्या तरी पोरानं नळ सापडवला.
नागपूरचे एक साहेब
दर दहा मिनिटांनी गार्डकडं जाऊन
तेच उत्तर घेऊन येत होते.

सहावा फोन.
"ढालगाव? असलं गाव तरी आहे का?"
आहे, दादा.
पिवळ्या पाटीवर तीन भाषांत लिहिलंय,
मी पाटीखालीच उभी आहे,
इथं ऊन आहे, वारा आहे,
आणि मला कुणी काही विचारत नाही.

मग पेरूच्या कागदावर
दस्तगीरच्याच पेन्सिलीनं हिशेब केला.
सव्वा एकर म्हणजे पन्नास गुंठे.
तिघांत भागले तर सोळा,
वर दोन उरतात.
सातवीतलं गणित.
बेचाळीस वर्षांच्या बाईनं
ते पहिल्यांदाच मांडलं होतं.
कागदाला मीठ लागलं होतं.
तो मी पर्समध्ये ठेवला,
तिकिटाशेजारी.

मिरजेला अंधार पडला.
रुकडीच्या पुलाखाली पंचगंगा दिसली नाही,
नुसता पुलाचा आवाज बदलला.
गूळ मार्केटला खिडकीतून
काकवीचा वास आत आला
आणि डब्यातले आम्ही तिघं-चौघं
एकदम गप्प झालो. पोचलो की.

रात्री पावणेदहा. कोल्हापूर.
दस्तगीर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला.
तिथं रुळांच्या आडवा बांध,
बांधामागं भिंत,
भिंतीपलीकडून रिक्षाचे हॉर्न.
"एवढंच?" म्हणाला.
मग खाली वाकून
रुळाच्या तोंडाला हात लावून आला,
एखाद्या बैलाला लावावा तसा.
उरलेले पाच पेरू झाडूवाल्याला
दहा रुपयांत दिले,
आणि परतीची गाडी कधी
ते विचारायला खिडकीकडं गेला.

दादाचा मेसेज आला होता:
उद्या दुसरा शनिवार, ऑफिस बंद.
सोमवारी उरकून टाकू.
"उरकून" वाचलं. उत्तर दिलं नाही.

रिक्षावाल्यानं विचारलं,
"वडणगे? सीपीआरवरनं काढतो, सरळ हाय."
सीपीआरवरनं म्हणजे भाऊसिंगजी रोड.
"रंकाळ्यावरनं घ्या," मी म्हटलं.
"लई वळसा पडतोय, ताई."
"पडू दे."