सांधा

बेल वाजली तेव्हा सकाळचे सहा.
दारात खालचा ओताकार, पायात लोकरी मोजे,
हातात पातेलं, तळाशी दोन बोटं पाणी.
"हे तुमचं," तो म्हणाला.
अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.
त्याआधीचं शेवटचं जिन्यातल्या सायकलीवरून होतं
आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ओस्त्रावामधल्या या इमारती अशाच,
एकाची जमीन ते दुसऱ्याचं छत.
माझ्या माशांचं पाणी रात्रभर
लिनोलियमखालून चोरपावलांनी गेलं
आणि त्याच्या स्वयंपाकघरात, दिव्याच्या तारेवरून उतरलं.
मी म्हटलं, टाकी तर बाहेरून कोरडी आहे.
तो म्हणाला, पाणी मुरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे.

चाळीस वर्षं काचा बसवल्यात त्याने,
ट्रामच्या, शाळांच्या, कोळशाच्या कचेऱ्यांच्या.
वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून
त्याने एकेका कोपऱ्याला लावल्या, आणि उकिडवा बसला.
डावीकडे मागे, हवामानाचा रकाना
हळूहळू काळा पडत गेला.

मासे टबात हलवले.
अठ्ठावीस निऑन, तीन गप्पी, एक गोगलगाय कुठून आली कोण जाणे,
आणि तो म्हातारा काळा प्लेको, ज्याला मी डायरेक्टर म्हणते,
कारण तो दिवसभर काही करत नाही
आणि सगळे त्याला वळसा घालून जातात.
हीटर साबणाच्या वडीशेजारी.

वरून एक थर मारा ना सिलिकॉनचा, मी म्हटलं.
त्याने पातं खाली ठेवलं.
"नवं जुन्यावर धरत नाही.
धरल्यासारखं दिसतं. वर्षभर दिसतं.
मग एका रात्री पुन्हा माझा दिवा."

म्हणून सगळं खरवडलं.
पिवळट, रबरी, दातांत अडकावं तसं अडकलेलं,
दोन काचांच्या मधलं नव्हे, आतल्या कडेचं,
बोटभर लांब, वीतभर लांब, एकदा तर
अख्खा कोपरा साल निघावी तसा निघाला
आणि त्याने तो मला दाखवला, लहान मुलगा दाखवतो तसा.
मग स्पिरिट. मग, "आता बोट लावू नका."
मी लावलं. मग पुन्हा स्पिरिट.

नळीतून पांढरी रेघ उतरली.
घरभर काकडीच्या बरणीचा आंबट वास.
त्याने साबणाच्या पाण्यात बोट बुडवलं
आणि वरपासून खालपर्यंत एका दमात ओढलं,
श्वास धरून. मीही धरला.
थांबलं की गाठ पडते, तो नंतर म्हणाला.

"सात दिवस हात लावायचा नाही."
आणि आंघोळ?
त्याने टबात डोकावून पाहिलं.
डायरेक्टर झाकणाच्या साखळीवर पहुडला होता.
"खाली टब रिकामा आहे," तो म्हणाला, भिंतीला उद्देशून.

तर जानेवारीत, रोज संध्याकाळी सातला,
मी, वेंडुला, वय एकसष्ट, स्लीपर घालून
टॉवेल घेऊन एक मजला उतरते.
झ्देन्का तिची टपालपेटी तिसऱ्यांदा उघडते.
त्याच्याकडे एक साबण, एक ब्रश.
तिसऱ्या दिवशी भिंतीत एक नवा हुक, बाईमाणसाच्या उंचीला.
पाचव्या दिवशी लसणाचं सूप, झाकून.
छतावर तपकिरी डाग. मी म्हटलं, रंग लावून देते.
"आधी वाळू दे," तो म्हणाला,
आणि चमच्याने मिठाकडे बोट दाखवलं.

सातव्या रात्री टाकी भरली.
खाली कोरडे कागद, आजचे.
दोन खुर्च्या ओढून आम्ही बसलो
आणि काहीही होत नाही, हे पाहत राहिलो.
रेडिएटर टकटकत होता.
साडेअकराला त्याने खाली वाकून
कागदांवरून तळहात फिरवला. कोरडा.

"मासे आज नको," तो म्हणाला.
"नळाचं पाणी एक दिवस उभं राहायला हवं.
क्लोरीन असतं त्यात."

तेहतीस वर्षं मासे पाळतेय मी.
बाटलीतलं औषधही आहे, कपाटात, दोन थेंबांत क्लोरीन जातं.

हो का, मी म्हटलं.