रेंगाळणं

पंधरा दिवस हाडं, पंधरा दिवस कान-नाक-घसा.
लॉगबुकात सह्या जमत जातात
जत्रेतल्या पाळण्याच्या तिकिटांसारख्या.
आई फोनवर विचारते, "मग, कशाचा डॉक्टर?"
मी म्हणतो, अजून सगळ्याचाच.
ती म्हणते, म्हणजे कशाचाच नाही.

ऑर्थोत प्लास्टर कालवलं, कोपरापर्यंत पांढरा झालो.
निखळलेला खांदा जागेवर बसतानाचा आवाज
मला आवडला, आणि आवडला म्हणून लाज वाटली.
त्वचारोगच्या ओपीडीत एका रिक्षावाल्याने
पाठ दाखवायला शर्ट काढला
आणि सांगत बसला भलतंच, घटस्फोटाचं.
बालरोगमध्ये मी टिकलो नाही.
तिथलं एवढंच लिहितो: सलाइनची पट्टी
चिकटवलेला एवढासा पंजा. पुढे नको.

रूममेट उन्मेषकडे मात्र तक्ता आहे.
एक रकाना पगाराचा, एक झोपेचा,
एक कोर्टकचेरीचा.
बेरीज करून तो रेडिओलॉजीवर येतो,
दर रविवारी, अमृततुल्यात, दुसऱ्या कपाला.

रिकव्हरीतल्या त्रिभुवन सिस्टर, निवृत्तीला चार महिने,
म्हणाल्या, "काय आवडतं ते स्वतःला विचारू नकोस,
माणूस स्वतःशी फार थापा मारतो.
ड्यूटी संपल्यावर पाय कुठं रेंगाळतात ते बघ.
आणि आत्ता इथनं हल, ट्रॉली येतेय."

मी बघायला लागलो.
पाय सरळ मेसकडे जायचे.

मग भूल विभाग. दहा दिवस
पेशंटच्या डोक्यापाशी उभं राहायचं.
सगळे पोटाकडे, दिव्याखाली;
खासनीस मॅडम एकट्या चेहऱ्याकडे.
जनाबाई लोंढे, खडकी बाजारात भाजी विकतात,
आकडे मोजता मोजता सातवर थांबल्या
आणि त्यांचा श्वास
माझ्या मुठीतल्या काळ्या रबरी पिशवीत आला.
मॅडम म्हणाल्या, "दाब. सोड. घाई कसली?"
दोन तासांनी जनाबाईंनी डोळे उघडले
आणि हात जोडले सर्जनला.
मला त्याचं वाईट वाटलं नाही.
हे मात्र नवीन होतं.

संध्याकाळी मालधक्का चौकातून कात्रजची बस.
शेजारी एक माणूस, डबा मांडीवर,
तोंड उघडं टाकून झोपलेला.
स्वारगेट गेलं. पद्मावती गेलं,
म्हणजे माझा स्टॉप मागे राहिला.
मी घड्याळ धरून बसलो होतो:
मिनिटाला चौदा.
मध्येच एक लांबलेला,
मीही थांबलो.
मग पुन्हा चौदा.